देगलूरहून पहिला लांबचा रेल्वेप्रवास

आपल्या देगलूरला रेल्वे नाही. गाडी पाहावयाची तर नांदेड गाठावे लागते, आणि नांदेड येथून 80-85 किलोमीटर. त्यामुळेच असेल, आपल्या तालुक्यातील पुष्कळ माणसांचा रेल्वेशी संबंध तीनच प्रसंगी येतो. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला जाताना आणि नोकरीच्या परीक्षेला जाताना. पहिले दोन प्रवास समुदायाचे. डबा कोणता, उतरायचे कोठे, परतीचे काय, हे सारे पुढचा माणूस पाहतो आणि आपण त्याच्या मागून चालतो. तिसरा प्रवास एकट्याचा असतो, पण त्यात जीव पेपरात अडकलेला असतो. गेलेले गाव पाहिले न पाहिले असे करून मुले परत येतात. स्वतः ठरवून, स्वतः तिकीट काढून, पाठीवर सॅक टाकून पंधरा दिवस देश पाहावयास निघालेला मुलगा आपल्या वस्त्यांत क्वचितच भेटतो. मुलगी तर नाहीच म्हणावे लागेल.

याचे कारण पैसा असे सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु लग्नाच्या वरातीत एका रात्रीत जो खर्च होतो त्यात दोघांचा असा प्रवास सहज बसतो, हेही आपण जाणतो. आमच्या मते मोठी अडचण माहितीची आहे. खिडकीवर काय मागावे, प्रतीक्षा यादी म्हणजे काय, रात्री दोन वाजता अनोळखी स्थानकावर उतरल्यावर कोठे बसावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. ज्यांच्या घरी आजोबांपासून रेल्वेप्रवास आहे त्यांना ही विद्या आयती मिळते. आपल्याला ती लिहून एकमेकांना द्यावी लागेल. हा लेख त्याकरिताच आहे.

पहिल्या रेल्वेप्रवासाची एक हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. 1901 साली बाळ भीमराव आपल्या भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाले. नवे कपडे होते, तिकिटाला पैसे होते, बरोबर खाण्याचा डबा होता. मसूर स्थानकावर मुले उतरली तेव्हा न्यावयास कोणी आलेले नव्हते, कारण येत असल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते. स्टेशन मास्तरांना मुलांची जात कळली आणि त्यांची नजर फिरली. दुप्पट भाडे देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. रात्री डबा होता, पण पाणी नव्हते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हे सारे लिहून ठेवले आहे. आपण ती हकीकत अन्यायाची कथा म्हणून वाचतो आणि ती तशी आहेच. प्रवासाच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. पलीकडच्या टोकाला निरोप पोहोचला की नाही याची खात्री झालेली नव्हती. आज मोबाइल आहे, तरीही आमचा आग्रह असा की, रात्री जेथे मुक्काम करावयाचा तेथे निघण्यापूर्वी एकदा आणि गाडीत बसल्यावर पुन्हा एकदा बोलून घ्यावे.

दुसरे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील सांखवाळ या गावी 1876 साली जन्मलेले हे गृहस्थ बुद्धाच्या धम्माच्या शोधात 1899 साली घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असे करीत, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकत, 1902 साली ते नेपाळात गेले. तेथे जे शोधत होते ते मिळाले नाही. मग बुद्धगया, तेथे सिंहलद्वीपास जाण्याचा सल्ला मिळाला, मग कलकत्ता, मद्रास आणि अखेर कोलंबो. हा सारा प्रवास त्यांनी ‘निवेदन’ या आत्मवृत्तात सांगितला आहे. त्यांच्याजवळ पैसे नव्हते. आपण तसे निघावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु नेपाळात निराशा झाल्यावर त्यांना बेत बदलता आला, कारण बेत बदलण्याइतकी सवड त्यांच्या प्रवासात होती. आपल्याकडे सहलीचा कागद तयार होतो तेव्हा नेमकी हीच सवड राहत नाही. दहा दिवसांत अठरा ठिकाणे लिहिली जातात, आणि माणसे घरी येतात ती फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेले सांगत.

तेव्हा पहिला नियम असा की, पहिल्या प्रवासात सर्व काही पाहावयाचे नाही. लुंबिनी, कुशीनगर, श्रावस्ती आणि वैशाली ही ठिकाणे दुसऱ्या खेपेस ठेवावीत. (लुंबिनी नेपाळात असल्याने त्या खेपेस मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ पाहिजे, आधार कार्डावर विसंबून सीमेवर जाऊ नये.) पहिल्या खेपेस सांची, सारनाथ, बुद्धगया, राजगीर आणि नालंदा एवढे पुरे. चौदा दिवस धरले तर त्यात दोन दिवस कोरे सोडता येतात. गाडी आठ तास उशिरा आली, कोणाचे पोट बिघडले किंवा बुद्धगयेत आणखी एक दिवस राहावेसे वाटले, तर ते दोन दिवस कामी येतात.

दिवस कोणते निवडावेत? डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेश व बिहारमध्ये धुके असते. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, काही रद्दही होतात. दिवाळी व छठपूजेच्या सुमारास बिहारकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवावयास जागा नसते. मे महिन्यात गयेचा उन्हाळा आपल्या नांदेडच्या उन्हाळ्यालाही मागे टाकील. माघी पौर्णिमेपर्यंत प्रयागला माघमेळ्याची गर्दी असते. म्हणून माघी पौर्णिमा उलटल्यावरचा पंधरवडा आम्हास सर्वांत सोयीचा वाटतो. होळीसाठी गावी जाणाऱ्यांची लाट त्यानंतर सुरू होते. दहावी-बारावीच्या मुलांना त्या दिवसांत निघता येणार नाही, हे उघड आहे. त्यांनी पुढच्या वर्षाची तयारी करावी.

आता मार्ग. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस सकाळी सुटते आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), मनमाड, भुसावळ, इटारसी या मार्गे भोपाळला मध्यरात्रीनंतर पोहोचते. सकाळची गाडी म्हणून देगलूरहून पहाटेची एस.टी. धरून जाण्याचा मोह होतो. नायगाव-नरसीच्या रस्त्यावर एखादा टायर पंक्चर झाला की सारा बेत कोसळतो, म्हणून आदल्या संध्याकाळीच नांदेडला जावे. गुरुद्वाराच्या यात्रीनिवासांत उतरण्याची सोय असते आणि लंगरात जेवण मिळते. याच गाडीची एक गंमत म्हणजे वाटेतील काही स्थानकांवर शीख बांधव प्रवाशांना लंगर वाढतात. जो आपले ताट-वाटी पुढे करील त्याला मिळते. तेव्हा सॅकमध्ये एक स्टीलचा खोलगट डबा असू द्यावा.

भोपाळला उतरल्यावर उजाडेपर्यंत प्रतीक्षालयातच बसावे. रात्री रिक्षावाल्यांच्या मागे जाऊ नये. सांची तेथून 45-50 किलोमीटरवर, भोपाळ-बीना मार्गावर आहे. साध्या गाडीने किंवा बसने जाता येते. टेकडीवरील स्तूपाशेजारी चेतियगिरी विहार आहे. सारिपुत्त व मोग्गलान यांच्या अस्थी 1952 साली तेथे ठेवण्यात आल्या. सांचीत एक पूर्ण दिवस द्यावा. तोरणांवरील शिल्पे सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात तशी दुपारी दिसत नाहीत.

भोपाळहून वाराणसीला थेट गाड्या आहेत. मुंबईहून येणारी कामायनी एक्स्प्रेस त्यांपैकी एक. या टप्प्यास एक अख्खा दिवस धरावा. येथे नावांचा घोटाळा लक्षात ठेवला पाहिजे. वाराणसी जंक्शन वेगळे, वाराणसी सिटी वेगळे आणि ‘बनारस’ नावाचे स्थानकही वेगळे. ते पूर्वीचे मंडुवाडीह. जुनी माणसे ज्याला मुगलसराय म्हणतात त्याचे नाव 2018 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले आहे, आणि ते गंगेच्या पलीकडे, शहरापासून लांब आहे. तिकिटावर छापलेले स्थानक कोणते ते वहीत अक्षरशः उतरवून घ्यावे. सारनाथ वाराणसीहून दहाएक किलोमीटर. तेथील संग्रहालयात अशोकस्तंभाचे चार सिंहांचे शीर्ष आहे. आपल्या नोटेवर आणि प्रत्येक सरकारी कागदावर जे चिन्ह आपण रोज पाहतो, त्याचा मूळ दगड तेथे डोळ्यांपुढे उभा राहतो. हे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. आखणीत शुक्रवार सारनाथला आला तर सारा बेत एक दिवस पुढे-मागे सरकवावा. तेवढे मोल त्या दगडाचे नक्कीच आहे. नालंदा व सांचीच्या संग्रहालयांचीही सुट्टी शुक्रवारीच.

वाराणसी ते गया हा टप्पा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, अर्ध्या दिवसाचा. गया स्थानकाहून बुद्धगया पंधराएक किलोमीटर. ऑटो मिळतात, भाडे आधी ठरवावे. येथे किमान दोन रात्री राहावे. महाबोधी सोसायटीची तसेच निरनिराळ्या बौद्ध देशांच्या विहारांची विश्रामगृहे आहेत. आधी विचारून जावे. महाविहाराच्या आवारात मोबाइल नेता येत नाही, तो बाहेर ठेवावा लागतो. म्हणजे आत गेल्यावर चौघे चार दिशांना पांगले तर एकमेकांना शोधावयाचे साधन नाही. आत शिरण्यापूर्वीच भेटण्याची जागा आणि वेळ ठरवावी. कोणाजवळ तरी हातातले घड्याळ असावे, ही आता जुनी वाटणारी गोष्टही तेव्हा आठवेल.

गयेहून राजगीर बसने दोन-तीन तासांचे. नालंदा तेथून बारा-पंधरा किलोमीटर. राजगीरहून रेल्वेने बख्तियारपूरमार्गे पाटण्याला येता येते.

परतीचा मार्ग मात्र आला तसाच धरू नये, आणि येथेच देगलूरकरांना एक लाभ आहे. पाटण्याशेजारच्या दानापूरहून सिकंदराबादच्या दिशेने रोज गाडी सुटते. ती प्रयागराज, जबलपूर, इटारसी, नागपूर, बल्लारशाह, काझीपेठ अशी येते. दीड दिवसाचा प्रवास आहे. देगलूर हैदराबाद-नांदेड हमरस्त्यावर असल्याने हैदराबादेत उतरून संगारेड्डी, पिटलम, मदनूरमार्गे बसने सरळ घरी येता येते. नांदेडला वळसा घालण्याचे कारण उरत नाही. मात्र हैदराबादेतही सिकंदराबाद, काचीगुडा, नामपल्ली आणि चर्लपल्ली अशी वेगवेगळी स्थानके आहेत आणि गाड्यांची ठिकाणे बदलत असतात. आरक्षण करतेवेळी ते पाहून घ्यावे. इतर वेळांचेही तसेच; वेळापत्रक निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासावे.

हीच परतीची गाडी सर्वांत आधी आरक्षित करावी. बिहारहून दक्षिणेकडे कामाला जाणाऱ्या मजुरांमुळे ती बारा महिने भरलेली असते. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते, त्यापूर्वी ते 120 दिवस होते. उघडण्याच्या दिवशी सकाळी आठला बसावे. जाण्याचे तिकीट चार दिवसांनी काढले तरी चालते, येण्याचे नाही. आमच्या पाहण्यात बहुतेकजण याच्या उलट करतात.

प्रतीक्षा यादीचे दोन शब्द. ‘आर.ए.सी.’ म्हणजे बसण्याची जागा नक्की. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांनी मिळून. त्यावर बिनधास्त निघावे. ‘डब्ल्यू.एल.’ म्हणजे जागा नाही. मोबाइलवर काढलेले असे तिकीट तक्ता लागेपर्यंत पक्के झाले नाही तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, आणि खिडकीवर काढलेले असले तरी त्यावर स्लीपरच्या डब्यात चढता येत नाही. प्रतीक्षा यादीतही प्रकार आहेत. गाडी जेथून सुटते तेथील ‘जी.एन.डब्ल्यू.एल.’ लवकर सरकते. मधल्या स्थानकांची ‘पी.क्यू.डब्ल्यू.एल.’ फार हळू. नांदेडहून सुटणाऱ्या गाडीत नांदेडकरांना जागा मिळते, तीच माणसे मनमाडला मुंबईची गाडी धरू गेली तर अडकतात, त्याचे कारण हेच. तात्काळचे स्लीपर आरक्षण आदल्या दिवशी सकाळी अकराला उघडते. 2025 च्या जुलैपासून मोबाइलवर तात्काळ तिकीट काढण्यास खाते आधारशी जोडलेले लागते, ते काम घरीच उरकून ठेवावे.

सवलतींविषयी आपल्याकडे अज्ञान फार. शिक्षणसंस्थेने काढलेल्या शैक्षणिक सहलीस रेल्वे स्लीपर वर्गात सर्वसाधारण विद्यार्थ्यांना 50 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना 75 टक्के सवलत देते. त्यासाठी मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांचे पत्र घेऊन रेल्वेकडून सवलतीचा आदेश मिळवावा लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावे लागते. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या, त्यात हीही येते. रेल्वे भरतीच्या परीक्षेस जाणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना स्लीपरचा मोफत प्रवास मिळतो तो वेगळा. परीक्षेचे केंद्र लांब आले म्हणून रडणाऱ्या मुलांनी तो कागद नीट वाचावा.

मुलींच्या पालकांना आम्ही हे सांगू इच्छितो. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या स्लीपर वर्गात सहा बर्थ स्त्रियांसाठी राखीव असतात, एकटी असो की गटात, वयाची अट नाही. आरक्षण करताना महिला कोटा निवडावा. गाडीत काही अडचण आली तर 139 या क्रमांकावर मदत मागता येते. चार मुली मिळून नांदेड-भोपाळ-सांची एवढाच चार दिवसांचा प्रवास करून आल्या तरी पुढल्या वर्षी त्याच मुली गयेपर्यंत जातील. भावाला पाठवावयाचे आणि बहिणीला फोटो दाखवावयाचे, हे आपल्या समाजाला तरी शोभत नाही.

सामानाचा हिशेब असा. सॅक भरून झाल्यावर पाठीवर घ्यावी आणि घराचा जिना चारदा चढावा-उतरावा. दम लागला तर दोन कपडे काढून ठेवावेत. पाटणा किंवा वाराणसीचा पूल चढताना हा हिशेब पटेल. सॅकला कुलूप लावता आले पाहिजे, कारण कुलूप नसलेले सामान स्थानकावरील क्लोक रूममध्ये घेत नाहीत. आणि क्लोक रूममध्ये सॅक ठेवून दिवसभर मोकळ्या हाताने गाव पाहणे हीच अशा प्रवासाची खरी युक्ती आहे. एक साखळी, चादर, बॅटरी, पाण्याची बाटली आणि जुलाबावरची साखर-मिठाची पुडी घ्यावी. ओळखपत्र मूळचे जवळ हवे. पैसे दोन ठिकाणी ठेवावेत, आणि घरचे व मुक्कामाचे फोन क्रमांक कागदावर लिहावेत. मोबाइलची बॅटरी नेमकी मध्यरात्री संपते. पहिल्या दोन दिवसांच्या शिदोरीला दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासारखे दुसरे काही नाही.

भाषेची भीती मात्र आपण बाळगू नये. मराठी, दखनी, तेलुगू, कन्नड ऐकत वाढलेला देगलूरचा मुलगा पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा लवकर बोलता होतो. ‘मेरेकू-तेरेकू’ ऐकून बिहारची मंडळी हसतील. हसू द्यावे, त्यातूनच ओळख होते. पण ओळख होता होता आडनावावरून ‘कौन बिरादरी?’ हा प्रश्नही येतो. आमचे मत असे की खोटे आडनाव सांगू नये. बुद्धगयेला चाललो आहोत, बौद्ध आहोत, एवढे सांगावे. पुढे कोणी खोदून विचारले तर उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही. रात्री दहा ते सकाळी सहा मधला बर्थ झोपण्यासाठी उघडता येतो, तो लावून झोपी जावे.

बरोबर एक शंभर पानी वही न्यावी आणि रोज रात्री लिहावे: गाडी किती उशिरा आली, ऑटोला किती दिले, कोणत्या विहारात जागा मिळाली, पाणी कोठे चांगले होते. परत आल्यावर ती वही संस्थेच्या ग्रंथालयात जमा करावी. पुढच्या तुकडीला निघण्यापूर्वी ती वाचावयास मिळाली पाहिजे, म्हणून अक्षर सुवाच्य काढावे आणि भाडे लिहिताना तारीख घालावयास विसरू नये.